नोकरीचा रेफरन्स चेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाखती चांगल्या जातात, पगाराचं बोलणं होतं, आणि मग एचआरचा मेल येतो: दोन रेफरन्स पाठवा, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा दोघांची नावं. इथून पुढे चर्चा तुमचीच असते, पण तुम्ही तिथे नसता. भरती करणाऱ्यांच्या बाजूने मी असे पुष्कळ फोन केले आहेत आणि जुन्या सहकाऱ्यांसाठी असे फोन घेतलेही आहेत. ‘कोणी वाईट बोललं तर?’ ही उमेदवारांची मोठी भीती असते. प्रत्यक्षात वाईट बोलणारे फार कमी भेटतात. ज्याला तुमच्याबद्दल काहीच ठोस आठवत नाही, अशा माणसाचं नाव दिल्याने जास्त उमेदवारांचं नुकसान होतं. खालची बरीचशी उत्तरं याच अनुभवातून आली आहेत.

रेफरन्स चेक आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन एकच का?

नाही. व्हेरिफिकेशनमध्ये नोंदी तपासतात: पदवी खरी आहे का, नोकरीच्या तारखा जुळतात का, पद सांगितलं तेच होतं का, कायद्याने परवानगी असेल तिथे गुन्ह्याची नोंद आहे का. त्याचं उत्तर बहुतेकदा हो किंवा नाही असं असतं. रेफरन्स चेकमध्ये तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाशी बोलून तुम्ही काम कसं करता हे समजून घेतात. काही कंपन्या दोन्ही करतात, काही एकच. संमतीचा फॉर्म मात्र अनेकदा दोन्हींसाठी मिळून एकच असतो, म्हणून सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

हे कोणत्या टप्प्यावर होतं?

सहसा शेवटच्या मुलाखतीनंतर, एक-दोन उमेदवार उरलेले असताना. काही ठिकाणी आधी ऑफर देतात आणि ‘रेफरन्स समाधानकारक आले तर’ अशी अट घालतात. लहान मुलं, रुग्ण, वृद्ध किंवा लोकांचा पैसा यांच्याशी संबंध येणाऱ्या कामांत ही तपासणी लवकर आणि कडक असते. इंग्लंडमधल्या शाळांना शक्यतो मुलाखतीच्या आधीच रेफरन्स मिळवायला सांगितलेलं आहे, आणि उमेदवाराने स्वतः आणलेलं, कोणालाही उद्देशून लिहिलेलं मोघम शिफारसपत्र तिथे चालत नाही. ब्रिटनच्या वित्त क्षेत्रात नियामकाच्या कक्षेतल्या वरिष्ठ पदांसाठी मागच्या सहा वर्षांतल्या मालकांकडून रेफरन्स घ्यावे लागतात.

पहिल्या अर्जातच नावं आणि फोन नंबर मागितले असतील, तर ‘मुलाखतीनंतर देईन’ असं लिहायला काहीच हरकत नाही. ज्या नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचा नंबर वाटत फिरू नये.

फोन कोण करतं?

कधी एचआर, कधी बाहेरची तपासणी कंपनी, कधी एखादी ऑनलाइन प्रश्नावली. ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम करणार त्यांनी स्वतः केलेला फोन माझ्या मते सर्वांत उपयोगी असतो, कारण पुढचा प्रश्न काय विचारायचा हे त्यांनाच सुचतं.

नेमकं काय विचारतात?

सुरुवात साध्या खातरजमेने होते. तुमची ओळख कशी, कोणत्या काळात एकत्र काम केलं, त्यांच्याकडे काय जबाबदारी होती, हाताखाली किती माणसं होती. हे प्रश्न औपचारिक वाटतात, पण अर्ध्याअधिक विसंगती इथेच सापडतात. तुम्ही बायोडेटात ‘आठ जणांच्या टीमचं नेतृत्व’ लिहिलेलं असतं आणि पलीकडून उत्तर येतं, ‘टीम होती, पण ती दुसऱ्यांच्या हाताखाली होती.’ मग मुलाखतीत सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहिलं जातं.

मग कामाकडे वळतात. चांगला विचारणारा ‘माणूस कसा आहे?’ असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘चांगला आहे’ एवढंच येतं. तो प्रसंग विचारतो. कामाचा ताण एकदम वाढला तेव्हा त्या कशा वागल्या? मुदत पाळता येणार नाही हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं, आधी की शेवटच्या दिवशी? तुमच्याशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग आठवतो का, आणि तो कसा मिटला? त्यांनी हाती घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं असं एखादं काम सांगाल का?

उणिवांबद्दलही विचारतात, पण थेट नाही. ‘त्यांच्याकडून उत्तम काम व्हावं म्हणून नव्या मॅनेजरने काय करायला हवं?’ हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. उत्तर देणाऱ्याला आपण चुगली करतोय असं वाटत नाही, आणि मला हवं ते कळतं. ‘कामाचा प्राधान्यक्रम आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून द्या, मधेच बदललेला त्यांना त्रासाचा होतो’ या एका वाक्यात उणीवही आली आणि तिच्यावरचा उपायही. असं उत्तर ऐकून मी कोणालाही नाकारलेलं नाही. उलट माणूस रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यापासून ते उपयोगी पडतं.

शेवटी बहुतेकदा एक प्रश्न येतोच: संधी मिळाली तर तुम्ही त्यांना परत घ्याल का? इथे शब्दांइतकंच उत्तर किती चटकन येतं याकडे लक्ष असतं. लगेच आलेलं ‘हो, आजच’ आणि थोडं थांबून आलेलं ‘कामावर अवलंबून आहे’ यांत फरक आहे. पण त्या थांबण्याचा अर्थ ऐकणाऱ्याने स्वतःच लावू नये. ‘कोणत्या कामासाठी घ्याल आणि कोणत्या नाही?’ असं विचारावं. त्यांच्या कंपनीत परत घेण्याबाबत काही नियमही असू शकतो.

जुनी कंपनी म्हणते, आम्ही फक्त तारखा आणि पद सांगतो. याचा अर्थ वाईट लावला जाईल का?

नाही. दाव्यांची झळ लागू नये म्हणून अनेक मोठ्या संस्थांचं हेच धोरण असतं, आणि भरती करणाऱ्यांना ते माहीत असतं. तुम्ही फक्त आधी सांगून ठेवा, आणि तिथे तुमच्याबरोबर काम केलेल्या, आता दुसरीकडे असलेल्या एखाद्या वरिष्ठाचं नाव सोबत द्या. तो माणूस वैयक्तिक पातळीवर बोलू शकतो.

सध्याच्या ऑफिसात कळलं तर?

ही भीती अगदी रास्त आहे. इथे दुर्लक्ष झालं तर हातची नोकरी धोक्यात येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नावं पाठवतानाच लेखी कळवा: ‘माझ्या सध्याच्या कंपनीत कोणाशीही माझ्या परवानगीशिवाय संपर्क करू नये.’ जबाबदार कंपनी हे पाळते. फॉर्ममध्ये ‘सध्याच्या मालकाशी संपर्क करू शकतो का?’ असा रकाना असतो. तिथे ‘नाही’ लिहिणाऱ्या उमेदवाराबद्दल शंका घेण्याचं कारण नसतं, आणि घेतलीही जात नाही.

सध्याच्या नोकरीतलं तुमचं काम पाहिलेलं कोणीतरी हवं, असं नवी कंपनी म्हणू शकते. तेव्हा नुकतीच नोकरी सोडून गेलेला तुमचा मॅनेजर, दुसऱ्या विभागातला विश्वासू वरिष्ठ, तुमच्याबरोबर काम केलेला ग्राहक किंवा पुरवठादार यांचा विचार करा. ग्राहकाचं नाव देण्याआधी कंपनीशी केलेल्या करारात त्याला आडकाठी नाही ना, हे पाहा.

ऑफर हातात आल्यावर सध्याच्या मालकाकडून रेफरन्स घेऊ, अशी अट कधीकधी असते. मग क्रम महत्त्वाचा. आधी बाकीचे सगळे रेफरन्स आणि कागदपत्रं तपासून पूर्ण करा असं सांगा, आणि पगार, पद, रुजू होण्याची तारीख या सगळ्यासह लेखी ऑफर घ्या. त्या ऑफरला उरलेली एकमेव अट सध्याच्या मालकाचा रेफरन्स हीच असू दे. त्यानंतरच स्वतः मॅनेजरशी बोला. ही बातमी त्यांना तुमच्याकडून कळायला हवी, अनोळखी फोनवरून नव्हे.

मी न दिलेल्या लोकांना विचारतात का?

हो, विचारतात. एकाच क्षेत्रात माणसं एकमेकांना ओळखतात. ‘अमुक तुमच्याकडे होते ना, कसे होते?’ असा फोन कोणत्याही नोंदीशिवाय होऊन जातो. काही देशांत उमेदवाराच्या संमतीशिवाय असं करणं माहिती-संरक्षण कायद्यात अडकू शकतं. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वैयक्तिक माहिती गोळा करायला कायदेशीर आधार लागतो.

मला ही पद्धत पसंत नाही. उमेदवाराला त्यावर बोलायची संधी मिळत नाही, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय हेतू आहे हे कळायला मार्ग नसतो. पण ती चालते हे लक्षात घेऊन वागलेलं बरं. एखाद्या ठिकाणी तुमचं बिनसलं होतं आणि ते क्षेत्रात ठाऊक असेल, तर ते मुलाखतीत तुम्हीच मोजक्या शब्दांत सांगा.

नावं कोणाची द्यावीत?

ज्याने तुमचं काम जवळून पाहिलं आहे त्याचं. पदाचा मोठेपणा दुय्यम आहे. संचालकांनी दिलेलं ‘फार हुशार, मेहनती, सगळ्यांशी मिळूनमिसळून’ हे प्रशस्तिपत्र ऐकून मला काहीच कळत नाही. उलट ज्या टीम लीडरने तुमच्याबरोबर रात्री उशिरापर्यंत बसून बिघडलेला हिशेब जुळवला, ती पाच मिनिटांत तुमचं पूर्ण चित्र उभं करते.

दोन मागितले असतील तर एक वरिष्ठ आणि एक बरोबरीचा सहकारी, ही जोडी चांगली. माणसं सांभाळण्याचं पद असेल तर हाताखाली काम केलेल्या कोणाचं नाव जरूर द्या. ते क्वचितच कोणी देतं आणि त्याचा परिणाम होतो. नातेवाईक, शेजारी, मित्र नकोत. शक्यतो मागच्या पाच-सात वर्षांतली माणसं असावीत, कारण त्याआधीच्या आठवणी पुसट होतात.

त्यांना विचारायचं कसं?

नाव देण्याआधी विचारायचंच. आणि विचारताना नकार द्यायला जागा ठेवायची. ‘माझा रेफरन्स द्याल का?’ याला संकोचापोटी हो येतं. त्यापेक्षा असा निरोप पाठवा:

‘सर, नमस्कार. मी एका ठिकाणी प्रकल्प समन्वयकाच्या जागेसाठी शेवटच्या टप्प्यात आहे. आपण एकत्र काम केलं त्यावरून माझ्याबद्दल मोकळेपणाने आणि चांगलं बोलता येईल असं तुम्हाला वाटत असेल, तरच तुमचं नाव देईन. सध्या वेळ नसेल किंवा अवघड वाटत असेल तर निःसंकोच सांगा.’

होकार आला की लगेच तीन गोष्टी पाठवा: जागेची माहिती, तुमचा आत्ताचा बायोडेटा, आणि एकत्र केलेल्या दोन-तीन कामांची आठवण. ‘गोदाम बदललं तेव्हा साठ्याची मोजणी आपण तीन टप्प्यांत केली होती’ एवढं पुरतं. हे पढवणं नव्हे. माणसं खरंच विसरतात, आणि आठवण ताजी असली की तीच माणसं नेमकं बोलतात. काय बोलायचं ते मात्र लिहून देऊ नका. घोकलेली वाक्यं लगेच ओळखू येतात, विशेषतः दोन वेगवेगळ्या माणसांनी तीच म्हटली की.

अनोळखी नंबरवरून कोणत्या दिवसांत फोन येऊ शकतो तेही कळवा. कितीतरी रेफरन्स केवळ फोन न उचलल्यामुळे रखडतात.

आधीच्या बॉसशी पटत नव्हतं. काय करू?

त्याच नोकरीतल्या दुसऱ्या वरिष्ठाचं नाव द्या. कंपनी त्याच बॉसशी बोलायचा आग्रह धरत असेल, तर आधी तुमची बाजू दोन वाक्यांत सांगा, आरोप न करता: ‘कामाच्या पद्धतीवरून आमचे मतभेद होते. शेवटच्या वर्षाचं मूल्यमापन त्यामुळे कमी आहे, आधीच्या वर्षांचं मी पाठवतो.’ जुनी मूल्यमापनं आणि कौतुकाचे मेल नोकरीत असतानाच जपून ठेवावेत, अर्थात कंपनीची गोपनीय माहिती सोबत न नेता.

शक्य असेल तर त्या बॉसलाच फोन करून पाहा. वेळ गेल्यावर राग निवळतो, आणि ‘माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगाल?’ असं समोरून विचारल्यावर बरीच माणसं संयमाने बोलायचं कबूल करतात.

पहिलीच नोकरी आहे, किंवा मधे काही वर्षं काम नव्हतं. कोणाचं नाव देऊ?

प्रकल्प पाहिलेले प्राध्यापक, इंटर्नशिपमधला मार्गदर्शक, स्वयंसेवी कामातला समन्वयक, फ्रीलान्स कामाचा ग्राहक. तुमच्यावर काही जबाबदारी टाकून तिचा हिशेब मागणारा कोणीही चालतो. कंपनी बंद पडली असेल तर तिथले सहकारी कुठे आहेत ते शोधा, आणि पगाराच्या पावत्या व नेमणूकपत्र पुरावा म्हणून द्या.

लिंक्डइनवरच्या शिफारशी चालतात का?

वाचल्या जातात. फोनची जागा त्या घेत नाहीत, कारण त्या तुम्हाला दिसाव्यात म्हणूनच लिहिलेल्या असतात.

खोटा रेफरन्स पकडला जातो का?

बहुतेकदा. दिलेल्या मोबाइलवर फोन न करता कंपनीच्या मुख्य नंबरवर करून त्या व्यक्तीला जोडून मागतात. कंपनीच्या पत्त्यावरून मेल करायला सांगतात. दोघांच्या नोकरीच्या तारखा एकमेकांशी ताडून पाहतात. ऑनलाइन प्रश्नावलीत उमेदवार आणि रेफरन्स देणारा यांचं उत्तर एकाच संगणकावरून आलं तर यंत्रणा खूण करते. आणि मित्राला ‘त्यांचा अहवाल कोणाकडे जायचा?’ एवढं विचारलं तरी तो अडखळतो. रुजू झाल्यावर उघड झालं तर त्यावरून कामावरून काढूही शकतात. सामान्य रेफरन्समुळे तुम्ही मागे पडाल, पण खोट्यामुळे थेट बाद व्हाल.

जुना मालक माझ्याबद्दल वाईट बोलू शकतो का?

खरं असेल आणि प्रामाणिकपणे सांगितलेलं असेल, तर बऱ्याच देशांत बोलू शकतो. खोटं किंवा बेफिकिरीने बोलू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९९४ साली स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अश्युरन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ठरवलं की रेफरन्स देताना मालकावर काळजी घेण्याची जबाबदारी असते आणि निष्काळजी रेफरन्समुळे नुकसान झालं तर कर्मचारी दावा करू शकतो. जर्मनीत नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळण्याचा हक्कच आहे, आणि ते खरं असलं पाहिजे तसंच सद्भावनेने लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्या देशातला कायदा वेगळा असू शकतो, म्हणून प्रकरण गंभीर असेल तर तिथल्या वकिलाला विचारा.

माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला पाहता येतं का?

देशावर अवलंबून. ब्रिटनच्या २०१८ च्या माहिती-संरक्षण कायद्यात गोपनीय म्हणून दिलेल्या रेफरन्सला सूट आहे, म्हणून तो दाखवावाच लागतो असं नाही. अमेरिकेत बाहेरच्या संस्थेने तपासणी अहवाल तयार केला असेल, तर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार आधी तुमची लेखी परवानगी लागते, आणि त्या अहवालावरून नाकारायचं असेल तर आधी त्याची प्रत तुम्हाला द्यावी लागते. तशी प्रत मिळाली तर तारखा आणि नावं बारकाईने तपासा. नावसाधर्म्यातून झालेल्या चुका खरोखर होतात आणि दुरुस्तही करून मिळतात.

रेफरन्सला एवढं वजन असतं का?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात निवड करण्याची पद्धत आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा संबंध आखीव मुलाखतीसाठी ०.५१ होता, तर रेफरन्स तपासणीसाठी ०.२६. आकडा १ च्या जितका जवळ तितका अंदाज अचूक. कारण उघड आहे: नावं उमेदवारच निवडतो, आणि जवळपास सगळे चांगलंच बोलतात. म्हणून केवळ एका थंड रेफरन्सवरून कोणाला नाकारणाऱ्या कंपनीचा निर्णय मला घाईचा वाटतो. तिसऱ्या माणसाशी बोलावं, उमेदवाराला विचारावं.

कोणते प्रश्न विचारू नयेत?

लग्न, गरोदरपण, मुलं, धर्म, जात, आजार, संघटनेचं सभासदत्व. यातल्या कशाचाही कामाशी संबंध नाही, आणि अनेक देशांत असे प्रश्न भेदभावाच्या कायद्यात येतात. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, ऑफर देण्याआधी उमेदवाराच्या तब्येतीबद्दल विचारता येत नाही. रेफरन्सच्या फोनवर ‘आजारपणाच्या रजा फार घ्यायच्या का?’ असं सहज विचारणंही त्यातच येतं.

मला कोणाचा तरी रेफरन्स द्यायचा आहे. कसं बोलू?

फोन खरंच त्या कंपनीतून आला आहे ना, याची खात्री करून घ्या, आणि तुमच्या कंपनीचं धोरण तपासा. मग डोळ्यांनी पाहिलेलंच सांगा. ‘ऐकलं होतं’ असं काही नको. एक प्रसंग ठरवून ठेवा. उणीव विचारली तर खरी सांगा, पण तिच्यावर त्या माणसाने काय केलं तेही सांगा. मनापासून चांगलं बोलता येणार नसेल, तर उमेदवाराने विचारलं तेव्हाच नम्रपणे नकार द्यावा. होकार देऊन कोरडं बोलण्यापेक्षा हे कितीतरी न्यायाचं आहे.

ऑफर मिळाली, रेफरन्स बाकी आहेत. राजीनामा देऊ का?

देऊ नका. ऑफरमधल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या असं लेखी येईपर्यंत थांबा. नव्या कंपनीला घाई असेल तर रुजू होण्याची तारीख ‘तपासणी पूर्ण झाल्यापासून इतक्या दिवसांनी’ अशी मागा.

रेफरन्सशी बोलून झालं, तरी कंपनी गप्प आहे.

यावरून रेफरन्स वाईट आला असं धरून चालू नका. मंजुरी अडकलेली असते, कोणी रजेवर असतं, दुसऱ्या उमेदवाराचं उत्तर यायचं असतं. आठवडाभराने एक मेल करा: तपासणी पूर्ण झाली का, माझ्याकडून काही हवं आहे का? तिसऱ्या माणसाचं नाव तयार ठेवा, कारण पुष्कळदा एकाशी संपर्क झालेला नसतो आणि ते कळवायचं राहून जातं.